शनिवार तेल्याचा बैल

कोकणात पूर्वी तेल्यांचे दोन प्रकार सांगत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनिवार तेली. हे शनिवार तेली म्हणजे बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. जहाज फुटून आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि पोथ्या समुद्राने नेल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. पुढे गावांवरून दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे पडली, बायका लुगडी नेसू लागल्या, हिब्रू विस्मरणात गेली. मागे उरले ते एवढेच : देव एकच आहे असे सांगणारा ‘शेमा’, आठव्या दिवशीची सुंता, खवले नसलेला मासा न खाणे आणि शनिवारचा बंद घाणा.

ग्रंथ बुडाला, पण सुट्टी तरली! यात मला तरी काही नवल वाटत नाही. त्या ग्रंथाचा गाभाच असा आहे की तो पोथीवाचून टिकावा. देवाच्या रूपाचे वर्णन तेथे फारसे नाही. मूर्ती तर वर्ज्यच. देव ओळखायचा तो त्याच्या कृतीवरून. मिसर देशात विटा पाडणाऱ्या गुलामांना त्याने फारोच्या तावडीतून सोडवले आणि सीनाय पर्वतापाशी त्यांच्याशी करार केला. हिब्रूत त्याला ‘ब्रीथ’ म्हणतात. हा करार एकट्या राजाशी नव्हे, सबंध लोकांशी झाला. म्हणूनच पुढे आमोससारखा मेंढरे राखणारा माणूस श्रीमंतांना तोंडावर सुनावू शकला की, गरिबांना जोड्याच्या किमतीला विकणाऱ्यांचे सण देवाला नकोत.

शब्बाथाची आज्ञा दोनदा येते, आणि दोन्ही वेळी कारण निराळे. निर्गमाच्या पुस्तकात म्हटले आहे की देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. अनुवादाच्या पुस्तकात मात्र मिसरातल्या गुलामीची आठवण दिली आहे. दास, दासी, उपरा, बैल, गाढव या सर्वांना त्या दिवशी विसावा मिळाला पाहिजे. त्याच पुस्तकात मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये, असाही नियम आहे. आमच्याकडे बैलाचा मान पोळ्याला, वर्षातून एकदा. शनिवार तेल्याचा बैल दर आठवड्याला सुटत असे.

बेने इस्राएलांचे मुंबईतले पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. त्याचे नाव ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे दार. हा ‘रहमीम’ आम्हां बीडकरांना परका नाही. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या मुलुखात होतो. ‘रहम करा’ हे म्हाताऱ्यांच्या तोंडी असेच. दोन्ही शब्दांचे मूळ एक, आणि हिब्रूत आईच्या गर्भाशयाला ‘रेहेम’ म्हणतात. दया म्हणजे वरून टाकलेली भीक नव्हे, पोटातला कळवळा. इस्राएल देशात गेलेल्या या समाजाच्या यहुदीपणाविषयी काही धर्मगुरूंनी शंका काढल्या. अखेर १९६४ साली तिथल्या संसदेने हा समाज सर्वार्थाने यहुदी असल्याचे मान्य केले. पोथीवाल्यांनी आचारवाल्यांची परीक्षा घ्यावी, हे सगळीकडे जुनेच आहे.

या ग्रंथांतली मला सर्वांत जवळची गोष्ट रूथची. परदेशची विधवा सून सासूला घेऊन येते आणि जवाच्या शेतात सरवा वेचते. शेताच्या कडा कापू नयेत, पडलेली कणसे उचलू नयेत. ती गरिबांची व उपऱ्यांची, असे शास्त्रच होते. म्हणजे रूथ भीक मागत नव्हती, हक्काचे घेत होती. तिचाच पणतू दावीद राजा.

आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी उसाच्या तोडीला जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात. उचल आधीच घेतलेली असते. आजारपणाने एक दिवस बसले तरी ‘खाडा’ लागतो. फारोने विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद केले, पण विटांची संख्या कमी केली नाही, ही कथा मी एकदा वर्गात सांगितली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने लगेच विचारले, “मुकादम कोण होता, गुरुजी?” दिवाळीच्या सुट्टीनंतर तो वर्गात नव्हता. आईबापांबरोबर तोडीला गेला होता.