तळटीप : ‘हँडिकॅप चौदा’

१. देगलूरकडच्या वाचकाचा गोल्फशी सहसा संबंध येत नाही, म्हणून हा खुलासा थोडा सविस्तर देत आहे. ‘हँडिकॅप चौदा’ म्हणजे तो खेळाडू दर वेळी मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा सरासरी चौदा फटके जास्त घेतो, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. हँडिकॅप सरासरी खेळावरून ठरत नाही, चांगल्या खेळावरून ठरतो. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ निवडून त्यांचीच सरासरी काढतात. त्यामुळे चौदावाल्याचा रोजचा खेळ त्याहून बराच ढिला असतो.

मैदानाची काठिण्यपातळीही हिशेबात धरतात. समजा, एका मैदानाचे कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूकडून अपेक्षित फटके) ७१.२, स्लोप (सामान्य खेळाडूला ते मैदान तुलनेने किती अवघड, याचा आकडा) १२५ आणि खेळाडूचे फटके ८८. फरक १६.८, त्याला ११३ ने गुणून १२५ ने भागले की १५.२ येतात; हा त्या फेरीचा आकडा, आणि वरची सरासरी अशाच आकड्यांची काढतात. ११३ हा सर्वसाधारण मैदानाचा ठरलेला स्लोप. एखाद्या खड्ड्यावर फटक्यांचा पार धुव्वा उडाला, तर तिथले फटके ठरावीक मर्यादेपर्यंतच मोजतात. हा नियम मला फार न्याय्य वाटतो, कारण एका वाईट क्षणाने साऱ्या फेरीची किंमत ठरत नाही.

सामन्यात हँडिकॅपनुसार फटके वजा करतात; या हिशेबामुळेच हैदराबादचा नवशिका पुण्याच्या मुरलेल्या खेळाडूशी बरोबरीने सामना खेळू शकतो. मात्र प्रस्तुत मजकूर २०२० पूर्वीचा आहे. तेव्हा जगात सहा वेगवेगळ्या पद्धती चालत, त्यामुळे इथला चौदा आजच्या चौदाशी ताडून पाहू नये. — संपादक