विमानातील घरघर आणि अमर बोस यांचे गणित

१९५६ साली एमआयटीत शिकणाऱ्या अमर बोस यांनी एक उत्तम स्टिरिओ संच विकत घेतला. कागदावर त्याचे तांत्रिक आकडे निर्दोष होते. पण लहानपणी व्हायोलिन शिकलेल्या त्यांच्या कानांना तो आवाज मुळीच खरा वाटला नाही. आकडे आणि अनुभव यांत एवढी तफावत का, या प्रश्नाने त्यांना ध्वनिशास्त्राकडे ओढले. त्यांचे वडील ननीगोपाल बोस हे बंगालमधील क्रांतिकारक. ब्रिटिश सरकारच्या ससेमिऱ्यामुळे ते अमेरिकेत गेले. अमर यांचा जन्म १९२९ मध्ये फिलाडेल्फियात झाला.

१९७८ मध्ये झुरिचहून बोस्टनला जाताना त्यांनी विमानात मिळालेले हेडफोन लावले. इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडून गेले. उरलेल्या प्रवासात त्यांनी त्यावरील उपायाचे गणित मांडायला घेतले. कल्पना ऐकायला सोपी आहे: मायक्रोफोनने बाहेरचा आवाज टिपायचा, त्याच्या नेमकी उलटी लहर निर्माण करायची आणि दोन्ही एकमेकींना खोडून काढतील असे पाहायचे. तिचे विक्रीयोग्य यंत्र होण्यास मात्र दशकाहून अधिक काळ लागला. वैमानिकांसाठीचा संच १९८९ मध्ये बाजारात आला आणि सामान्य प्रवाशांसाठीचा २००० साली.

खरेदी करताना हा इतिहास उपयोगी पडतो. ही युक्ती विमान, पंखा, एसी अशा सलग आणि खालच्या पट्टीतील आवाजांवर चांगली चालते. हॉर्न किंवा शेजारच्यांच्या गप्पा तिला तितक्याशा जुमानत नाहीत. तिथे कानात घट्ट बसणाऱ्या सिलिकॉनच्या टिपा असलेले साधे, स्वस्त इअरफोनही बरीच कामगिरी बजावतात. याउलट, सेनहायझरने १९६८ मध्ये आणलेला ‘एचडी ४१४’ मुद्दाम उघड्या पाठीचा होता. शांत खोलीत अशा रचनेतून संगीत मोकळे, नैसर्गिक वाटते. लोकलमध्ये मात्र ती निरुपयोगी, कारण बाहेरचा आवाज आत येतो आणि आतला बाहेर जातो. म्हणून किमतीआधी ‘मी ऐकणार कुठे?’ हे ठरवावे. मग ओळखीची एखादी ध्वनिफीत लावून पाहावी. तानपुऱ्याची असल्यास फारच उत्तम, त्यात लबाडी लगेच कळते.

प्रश्न केवळ रसास्वादाचा नाही. भोवती गोंगाट असला की आपण नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे; ९० डेसिबलला ही मर्यादा अवघी ४ तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो आणि अंतर्कर्णातील मेलेल्या केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. बाहेरचा गोंगाट अडवणारी साधी टिपसुद्धा त्या अर्थाने कानांचे संरक्षण करते. फक्त रस्ता ओलांडताना ती काढून ठेवावी.