तिकीट नावाचे दार

वाशीत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालय आहे. प्रवेशिकेपासून अलंकारपर्यंतच्या संगीत परीक्षांमुळे हे नाव महाराष्ट्रातील असंख्य घरांना परिचित आहे. वाशीहून लोकलने निघाले, की सानपाडा आणि जुईनगर ही दोन स्थानके मागे टाकून नेरूळ येते. तेथे डी. वाय. पाटील स्टेडियम उभे आहे. जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ या तीन तारखांना कोल्डप्ले हा इंग्लंडचा वाद्यवृंद तेथे येऊन गेला आणि तिन्ही दिवस स्टेडियम माणसांनी फुलून गेले.

या दोन वास्तूंमध्ये अंतर थोड्याच किलोमीटरांचे आहे. परंतु जाहीर मैफलीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास त्यांच्या दरम्यान पसरलेला आहे. गाणे समोर बसून ऐकण्याचा अधिकार सामान्य माणसाला कसा मिळाला, त्यासाठी त्याने काय सोसले आणि आज तो अधिकार कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहायचे तर या इतिहासाकडे वळले पाहिजे.

तिकीट येण्यापूर्वी गाणे नव्हते असे मुळीच नाही. आज नवी मुंबई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भूमीवर आगरी-कोळी समाजाची गावे होती. तेथे लग्नघरी धवलारीण धवले गाई आणि सणावारी कोळीगीतांवर सारा पाडा नाचे. देवळात कीर्तन, भजन चाले. त्या गाण्याला आमंत्रण लागत नसे व दामही पडत नसे. मात्र वर्षानुवर्षांच्या साधनेतून घडलेले रागसंगीत राजेरजवाड्यांच्या दरबारात आणि धनिकांच्या दिवाणखान्यात नांदत होते. गवयाचे पोट आश्रयदात्याच्या मर्जीवर आणि श्रोत्याचा प्रवेश त्याच्या ओळखीवर अवलंबून असे.

युरोपातही फार वेगळे चित्र नव्हते. तेथे संगीताची दोनच मोठी घरे होती: राजवाडा आणि ख्रिस्तमंदिर. पैसे देणाऱ्या कोणालाही आत घेणारे पहिले ऑपेरागृह व्हेनिसमध्ये १६३७ साली उघडले. लंडनमध्ये जॉन बॅनिस्टर या व्हायोलिनवादकाने १६७२ साली आपल्या राहत्या घरी एक शिलिंग घेऊन मैफली सुरू केल्या. कुळ-शील न विचारता केवळ शिलिंग पाहून दार उघडण्याची ही रीत त्या काळी नवलाचीच होती.

आपल्याकडे हे दार उघडण्याचे श्रेय सामान्यतः पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांना दिले जाते. त्यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडला झाला. बालपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झाली आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांचे गायनाचे शिक्षण झाले. एका समारंभाचे आमंत्रण आपल्याला आले, पण आपल्या गुरूंना ते 'केवळ गवई' म्हणून आले नाही, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते. १८९६ च्या सुमारास त्यांनी मिरज सोडली. पुढे सौराष्ट्रात त्यांनी अल्प शुल्क आकारून जाहीर मैफल केली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ साली मुंबईत त्याचा विस्तार केला. मुंबईतील विद्यालयाची वास्तू पुढे कर्जापायी गेली. परंतु १९३१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर शिष्यांनी एकत्र येऊन जे मंडळ स्थापिले, तेच वाशीचे हे मंडळ होय.

त्या अल्प शुल्काचे मोल आज आपल्या सहज ध्यानात येत नाही. तिकिटाने गवयाला आश्रितपणातून सोडविले. त्याने कोणाची स्तुती न गाता आपले गाणे गावे आणि त्याचा मोबदला ताठ मानेने घ्यावा, असा नवा व्यवहार सुरू झाला. श्रोत्यालाही प्रतिष्ठा लाभली. शाळामास्तर, कारकून, दुकानदार हे आता कोणाचे पाहुणे नव्हते. ज्याच्यापाशी तिकीट, त्याची खुर्ची, एवढा साधा हिशेब होता.

आपल्या ख्रिस्ती समाजाचाही या इतिहासात वाटा आहे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन यांचे शिक्षण मिळे. ते मिस्सेतील गायनासाठी असे, परंतु त्यावर पुढे मुंबईतील शेकडो वादकांचा चरितार्थ चालला. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात त्यांची वाद्ये देशभर ऐकू गेली. त्यांची नावे मात्र बहुधा पडद्यावर आली नाहीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच एक. १९२७ साली जन्मलेला हा व्हायोलिनवादक मुंबईस आला आणि संगीतरचनाकार व शिक्षक म्हणून नावारूपास आला. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे विद्यार्थी. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील प्रसिद्ध गाण्यात हेच गुरूंचे नाव अमर झाले.

गोन्साल्विस यांची खरी आकांक्षा मात्र निराळी होती. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ त्यांना घालायचा होता. १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्याची मैफल घडवून आणली. शंभराहून अधिक वादक एकत्र बसले. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनी गायन केले. ध्वनिमुद्रणगृहाच्या बंद दाराआड राबणारे वादक त्या दिवशी श्रोत्यांना प्रत्यक्ष दिसले. प्रत्यक्ष मैफलीचा मोठा आनंद यातच असतो. तबकडीवर किंवा ध्वनिफितीवर सूर तेवढा पोचतो. समोर बसले, की त्या सुरामागचा घाम, एकमेकांकडे टाकलेला कटाक्ष, चुकता चुकता सावरलेली जागा, हे सारे दिसते. हा वाद्यवृंद फार काळ टिकू शकला नाही. गोन्साल्विस १९६५ साली अमेरिकेस गेले, कालांतराने माजोर्ड्यास परतले आणि जानेवारी २०१२ मध्ये निवर्तले. एवढे वादक पोसायला लागणारा पैसा केवळ तिकीटविक्रीतून उभा राहत नाही, हा धडा मात्र त्या प्रयोगाने मागे ठेवला.

श्रोत्यांच्या सुखदुःखांचे उत्तम दर्शन पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात घडते. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली तो सुरू केला आणि अनेक वर्षे तो रात्र-रात्र चाले. डिसेंबरची थंडी, खाली भारतीय बैठक, अवघडलेले गुडघे, मध्येच पाय तुडवीत जाणारे शेजारी, कोणाच्या तरी कडेवर रडणारे मूल, चहाच्या रांगेत हुकलेली बंदिश: तक्रारींना तोटा नव्हता. तरीही माणसे घोंगड्या, शाली आणि शिदोरी घेऊन येत. कारण मध्यरात्रीचा मालकंस मध्यरात्री आणि पहाटेचा ललित पहाटेच ऐकण्याची ती संधी होती. गायक समेवर आला, की हजारो माना एकाच क्षणी हलत. एकट्याने ऐकताना ही दाद देता येत नाही आणि घेताही येत नाही.

पुढे २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आली. राज्य सरकारला वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा पुढे मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये या मर्यादेवर शिक्कामोर्तब केले. पुण्याच्या महोत्सवातील ती जागरणे संपली आणि उत्तररात्रीच्या रागांचे व्यासपीठ हरपले. त्याच नियमाने आपल्या नाताळच्या मिस्सेलाही स्पर्श केला. ख्रिस्तमंदिराच्या पटांगणात होणारी मध्यरात्रीची मिस्सा अनेक धर्मग्रामांत अलीकडे ओढून दहाच्या आत संपवावी लागली. वडीलधाऱ्यांना ही गोष्ट रुचली नाही, हे खरे. परंतु पटांगणाच्या कुंपणापलीकडे आजारी माणूस, तान्हे बाळ आणि परीक्षेला बसलेला विद्यार्थीही राहतो. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे ती त्यांच्यासाठी. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा ज्यांना आहे, त्यांनी तरी या नियमाचा राग धरू नये. श्रोत्यांसाठीही जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचविली आहे. मंचाजवळ उभ्या राहणाऱ्या तरुणांच्या आईवडिलांनी ती लक्षात ठेवावी.

आता पुन्हा नवी मुंबईकडे येऊ. सिडकोची स्थापना १९७० साली झाली. १९७३ मध्ये खाडीवर पूल आला, १९९२ मध्ये वाशीपर्यंत रेल्वे आली. सुरुवातीस आलेल्या कुटुंबांना नाटक-गाण्यासाठी दादर किंवा ठाणे गाठावे लागे. पुढे वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह झाले आणि वर्दळ वाढली. २००८ मध्ये नेरूळचे स्टेडियम उभे राहिले. ते क्रिकेटसाठी बांधलेले; पण तेथे मे २०१७ मध्ये जस्टिन बीबर आणि डिसेंबर २०१९ मध्ये आयर्लंडचा यू-टू वाद्यवृंद येऊन गेला. ज्या शहराचे लोक गाणे ऐकायला खाडी ओलांडून जात, त्याच शहरात आता गाणे ऐकायला देशभरातून लोक येऊ लागले. नवी मुंबईकरांनी याचा अभिमान बाळगला तर त्यात वावगे नाही.

कोल्डप्लेच्या तिकिटांची विक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी बारा वाजता संगणकीय जाळ्यावर सुरू झाली. किमती अडीच हजार रुपयांपासून पस्तीस हजारांपर्यंत होत्या. मोबाईलच्या पडद्यावर लोकांना रांगेतले आपले क्रमांक दिसले ते लाखांच्या घरातले. थोड्याच वेळात तिकिटे संपली आणि तीच तिकिटे अन्य ठिकाणी कित्येक पटींनी विक्रीस निघाली. ऑक्टोबरमध्ये अंमलबजावणी संचालनालयाने या काळ्याबाजाराच्या संदर्भात छापे घातले. मुंबई उच्च न्यायालयापुढे जनहित याचिका आली. कायदा करणे हे विधिमंडळाचे आणि शासनाचे काम आहे, अशा भूमिकेतून न्यायालयाने ती जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली.

ज्यांना तिकिटे मिळाली, त्यांचा आनंद खोटा म्हणता येणार नाही. प्रत्येकाच्या मनगटावर गाण्याच्या ठेक्याबरोबर रंग बदलणारा पट्टा होता. हजारो अनोळखी माणसे एका सुरात गात होती. आपल्या मिस्सेत समूहगायनाची सवय असलेल्या माणसाला या अनुभवाचे बळ वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. अशा भव्य मैफलींचे त्रासही भव्यच असतात. तासन्‌तास उभे राहणे, दाराशी तपासणी, आत पाण्याचे भलतेच भाव, समोरच्याने डोक्यावर धरलेला मोबाईल, आणि शेवटी घरी पोचण्याची चिंता. हे सारे मनुष्य सोसतो आणि विसरतो. पण दाराबाहेर राहिलेला श्रोता ते दार विसरत नाही.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. ज्या तिकिटाने एके काळी कारकुनाला दरबाराबाहेरून आत आणले, तेच तिकीट आज त्याच्या मुलाला बाहेर ठेवीत आहे. पलुसकरांच्या काळी आश्रयदात्याची मर्जी लागे. आज ऐपत लागते, किंवा दलालाची ओळख. दरबाराने जणू जागाच तेवढी बदलली.

या बाबतीत ख्रिस्तसभेचे एक मार्गदर्शन स्मरणात ठेवण्याजोगे आहे. ५ नोव्हेंबर १९८७ रोजी व्हॅटिकनच्या उपासनाविषयक विभागाने ख्रिस्तमंदिरांतील मैफलींविषयी एक पत्र प्रसिद्ध केले. मंदिराचे पावित्र्य, संगीताची निवड, पवित्र साक्रामेंताचा मान यांविषयी त्यात नियम आहेत. त्यांतच एक अट अशी, की प्रवेश विनामूल्य आणि सर्वांना खुला असावा. देवाच्या घरात गाणे ऐकायला आलेल्याची ऐपत पाहू नये, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. श्रोत्याला विनामूल्य याचा अर्थ कलावंताला विनामोबदला असा होऊ नये. आपल्या समाजात ही चूक वारंवार होते. सणाला वाद्यवृंद बोलावतो, जेवण घालतो, आभार मानतो, आणि बिदागीच्या वेळी 'ही तर सेवा' असे म्हणतो. सेवा ही देणाऱ्याने ठरवायची असते, घेणाऱ्याने नव्हे. पलुसकरांनी तिकीट लावले ते गवयाच्या मानासाठी, आणि गोन्साल्विस यांचा प्रयोग थांबला तो पाठबळाविना. दार उघडे ठेवायचे आणि कलावंताचे हातही रिकामे ठेवायचे नाहीत, हे दोन्ही साधायचे असेल, तर खर्च समाजाने मिळून उचलला पाहिजे.

हे अशक्य नाही. बहुतेक धर्मग्रामांत सभागृह आहे, गायकवृंद आहे, व्हायोलिन किंवा तबला शिकणारी मुले आहेत. वर्षातून दोन संध्याकाळी ठरवाव्यात; सात वाजता सुरुवात, साडेनऊला समाप्ती. ज्यांना शक्य आहे त्यांनी देणगी द्यावी, कलावंताला ठरलेली बिदागी आधी द्यावी, आणि पहिल्या रांगेतील खुर्च्या प्रतिष्ठितांसाठी न ठेवता मुलांसाठी ठेवाव्यात. शेजारच्या वसाहतीतील हिंदू, मुसलमान, बौद्ध बांधवांनाही आमंत्रण द्यावे. मोबाईल बंद ठेवण्याची विनंती दाराशीच करावी.

नेरूळच्या स्टेडियममध्ये परदेशी वाद्यवृंद पुन्हा येतील आणि आपली मुले तेथे जावोत. पण ज्यांना त्या दाराशी अडावे लागेल, त्यांच्यासाठी दुसरे एक दार आपल्या हाताने उघडता येण्यासारखे आहे.