आर. के.च्या बोधचिन्हातली बाई

चेंबूरच्या सायन-ट्रॉम्बे रस्त्यावर आर. के. स्टुडिओ उभा होता. त्याचं बोधचिन्ह पाहिलं नाही असा हिंदी सिनेमाचा प्रेक्षक विरळाच. पुरुष ताठ उभा, त्याच्या एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर मागे कललेली बाई. ते राज कपूर आणि नर्गिस. प्रसंग ‘बरसात’मधला, 1949 सालचा. सिनेमा तुफान चालला आणि ही मुद्रा कंपनीचं चिन्ह झाली. पुढे रेषा साध्या होत गेल्या, चेहरे पुसट झाले. बाकावलेली कंबर तेवढी कायम राहिली.

हे चिन्ह अश्लील आहे असं कुणी म्हणणार नाही. माझंही तसं म्हणणं नाही. पण माध्यमं आणि जाहिरातींतल्या स्त्रीबद्दल बोलायला बसलो की आपण ताबडतोब तिचे कपडे मोजू लागतो. अंग किती झाकलं, किती उघडं टाकलं. ती त्या चित्रात काय काम करते आहे, हा प्रश्न मागेच राहतो.

नर्गिस म्हणजे फातिमा रशीद. त्यांच्या आई जद्दनबाई गायिका होत्या, संगीतकार होत्या, दिग्दर्शन करत. 1930च्या दशकात ‘संगीत मूव्हीटोन’ ही स्वतःची चित्रपट कंपनी त्यांनी चालवली. गाणाऱ्या बायकांच्या परंपरेतून आलेली एक मुसलमान बाई कंपनीची मालक होती! त्यांच्या ‘तलाश-ए-हक’मध्ये (1935) छोटी नर्गिस पहिल्यांदा पडद्यावर आली. मेहबूब खान यांच्या ‘तकदीर’मध्ये (1943) ती नायिका झाली. 1948ला ‘आग’ आला तो दिग्दर्शक म्हणून राज कपूर यांचा पहिला सिनेमा. नर्गिस तेव्हा नावाजलेल्या नायिका होत्या. म्हणजे त्या दोघांत अनुभवी कोण होतं, ते उघड आहे. बोधचिन्हात मात्र वाद्य त्याच्या हाती आणि तोल सांभाळायची जबाबदारीही त्याच्यावरच.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात जाहिरातींची शेकडो छायाचित्रं गोळा करून त्यांतल्या मुद्रा तपासल्या. पुरुष उंच आणि सरळ, बाई कललेली, टेकलेली, आडवी. कपड्यांपेक्षा या मुद्रांतून कनिष्ठपणा जास्त शिकवला जातो, असा त्या अभ्यासाचा सूर आहे. ‘बरसात’चं चिन्ह त्यात सहज बसलं असतं.

आता ‘आवारा’ (1951). कथा ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे यांची. अब्बास यांचे पणजोबा मौलाना हाली. मुलींच्या शिक्षणासाठी 1874 साली ‘मजालिस-उन-निसा’ लिहिणारे. अब्बास यांची नायिका रीटा वकील आहे. सिनेमा कोर्टातच सुरू होतो आणि रीटा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या न्यायाधीश रघुनाथची उलटतपासणी घेते. तो तिचा पालक आहे, हे लक्षात घ्या. हिंदी सिनेमात 1951 साली काळा कोट घातलेली बाई सत्तेला जाब विचारते. नर्गिस यांच्या आवाजातला तो थंडपणा मला आजही थक्क करतो.

याच सिनेमात समुद्रकिनाऱ्यावरचा प्रसंग आहे. रीटा थट्टेने नायकाला ‘जंगली’ म्हणते. तो तिला थपडा मारतो आणि ती त्याच्या पायाशी येते. या प्रसंगाची आठवण निघाली की लोक नर्गिस यांच्या पोहण्याच्या पोशाखाबद्दल बोलतात. थपडांबद्दल बोलणारे मला फार कमी भेटले.

त्याच सिनेमात नायकाच्या आईचं काम लीला चिटणीस यांनी केलं. दहा वर्षांपूर्वी, 1941 साली, त्या लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या होत्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय नटी. अशोककुमारसोबत ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ गाजले होते. शिवाय त्या पदवीधर, आणि ती पदवीही सिनेमाच्या जाहिरातीत वापरली गेली. राज कपूर यांच्यापेक्षा फार तर पंधराएक वर्षांनी मोठ्या. साबणाच्या वडीवरून थेट दुःखी आईपर्यंत. मधला मुक्काम बायकांसाठी ठेवलेलाच नव्हता. ‘चंदेरी दुनियेत’ हे त्यांचं आत्मचरित्र मराठीत आहे, मिळालं तर जरूर वाचा.

पुढे 1978ला ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ आला. झीनत अमान यांच्या कपड्यांवरून अश्लीलतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1986 साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा कायदा झाला. त्याच्या व्याख्येत ‘असभ्य’बरोबर स्त्रीला हीन लेखणारं चित्रणही येतं. जाहिराती, छापील मजकूर, चित्रं त्याच्या कक्षेत आली. सेन्सॉरकडे जाणारे सिनेमे वगळले गेले. व्यवहारात ओरड झाली ती बहुतेक उघड्या अंगाचीच. हीन लेखणं तसंच राहिलं, कारण ते कुणाला खुपत नाही.

आपल्या समाजातही माप हेच. आपले बुजुर्ग पोस्टरवर नाक मुरडतात आणि नर्गिस यांचा विषय निघाला की पडदा, निकाह, दफन एवढंच विचारतात. ‘मदर इंडिया’साठी 1958 साली कार्लोव्ही व्हारीला मिळालेला अभिनयाचा पुरस्कार, त्याच वर्षीची पद्मश्री, 1980ची राज्यसभा, यांतलं काही त्यांच्या बोलण्यात येत नाही. तिकडे वृत्तपत्रांनी आपल्या बायकांसाठी एकच चित्र ठरवून टाकलंय: बुरखा आणि दोन डोळे. बातमी पोटगीची असो, निवडणुकीची वा दहावीच्या निकालाची. एकाने उघडं अंग विकायचं, दुसऱ्याने झाकलेलं. दोन्हीकडे बाई मुकीच.

आर. के. स्टुडिओला सप्टेंबर 2017मध्ये आग लागली, जुने पोशाख जळाले. 2019 साली गोदरेजने ती जागा घेतली. चेंबूरकर हळहळले, हळहळण्यासारखंच होतं ते. पण त्या वेळच्या लेखांत जद्दनबाईंचं नाव मी शोधत होतो.

नंतर मी स्वतःच त्यांच्यावर लिहिलं. एका अंकात लेख छापूनही आला. सोबत चित्र होतं: काळ्या बुरख्यातली कुणीतरी अनोळखी बाई, मान खाली घातलेली. जद्दनबाईंची छायाचित्रं सहज मिळतात. बहुतेकांत त्या सरळ कॅमेऱ्याकडे बघत असतात.