मुलांच्या मापाचे फर्निचर

मुलाच्या खोलीत आज बुटके टेबल, हलकी खुर्ची आणि हाताला येणारे कपाट दिसते. ही पद्धत सर्रास होऊन फार काळ झालेला नाही. युरोपात मुलांसाठी उंच पायांच्या खुर्च्या सतराव्या शतकातही होत्या, पण त्या मुलाला मोठ्यांच्या टेबलाशी आणून अडकवून ठेवण्यासाठी. त्याला आपले आपण चढता येत नसे आणि उतरताही येत नसे. श्रीमंतांच्या घरी छोट्या खुर्च्या असत. त्याही बहुधा मोठ्यांच्या खुर्च्यांच्याच लहान नकला. भारतात पाटावर किंवा चटईवर बसणाऱ्या घरांत नातू आणि आजोबा एकाच पातळीवर जेवत. उंचीचा हा पेच मुळात टेबल-खुर्चीनेच आणला.

मुलाच्या शरीराचे माप गांभीर्याने घेतले गेले ते आधी शाळेत. स्वित्झर्लंडचे डॉक्टर फार्नर यांनी १८६५ मध्ये शाळेच्या बाकांवर पुस्तक लिहिले. वाकड्या पाठीचा दोष सदोष बाकांकडे जातो, हे मत तेव्हा जोर धरत होते. त्यातून मोजूनमापून बनवलेले, मेजाला जोडलेले बाक आले. माप मुलाचे होते खरे, पण हेतू त्याने हलू नये हाच होता.

याला छेद दिला मारिया माँटेसरी यांनी. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. आईबाप कामावर गेले की मुले नव्याने दुरुस्त केलेल्या चाळवजा इमारतींची नासधूस करीत, म्हणून मालक संस्थेने त्यांच्यासाठी एक खोली दिली होती. शाळा म्हणून वेगळा पैसा नव्हता, खर्च इमारतींच्या कारभाराच्या खात्यातून होई, त्यामुळे सुरुवातीचे सामान कचेरीत शोभेल असेच होते. ही अडचण पथ्यावरच पडली, कारण शाळेचे बाक आपोआप टळले.

पुढे माँटेसरींनी स्वतः फर्निचर आखले. टेबल भक्कम, तरी चार वर्षांची दोन मुले उचलून नेतील इतके हलके. खुर्च्या लहान, काही वेताच्या. हात धुण्याचे स्टँड तीन-चार वर्षांच्या मुलाला पोचेल एवढे बुटके, त्यावर साबण, ब्रश आणि टॉवेलची जागा. कपाटे लांबट व ठेंगणी. काहींना नुसता पडदा, काहींना दारे, आणि प्रत्येक दाराची किल्ली निराळी. हलक्या खुर्च्या मुले आपटतील, आवाज करतील, असा आक्षेप येणारच. माँटेसरींना तेच हवे होते. जड बाक मुलाचा धसमुसळेपणा झाकतो, हलकी खुर्ची कलंडून तो त्याच्या लक्षात आणून देते. बाई ओरडण्याआधी खुर्चीच सांगते, ही युक्ती आजही कुठल्याही दुकानदाराच्या जाहिरातीपेक्षा सरस आहे.

ही विचारसरणी भारतात रुजवणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला. ताराबाईंनी १९४५ पासून बोर्डीत खेड्यातल्या मुलांसाठी काम करताना महागडी साधने टाळून आसपास मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंवर भर दिला.

फर्निचरमध्ये खेळ आला तो जर्मनीत. १९२३ मध्ये वायमार इथे बाउहाउस या कला-शाळेने एक नमुना-घर उभारले. त्यातली मुलांची खोली आल्मा बुशर यांच्याकडे होती. त्या विणकाम विभागातून लाकूडकामात आल्या होत्या. त्यांच्या कपाटातले रंगीत खोके बाहेर काढले की त्यांचे टेबल, बैठक किंवा ओढायची गाडी होई, आणि एका दाराला कापलेल्या खिडकीतून कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करता येई. पसारा आवरण्याची जागा हीच खेळण्याची जागा.

१९६४ मध्ये इटलीत मार्को झानूसो आणि रिशार्ट झापर यांनी कार्टेल कंपनीसाठी मुलांची प्लास्टिकची खुर्ची केली. एकावर एक रचून मुले तिचा किल्लाही करू शकत.

१९७२ मध्ये नॉर्वेचे पेटर ऑप्सविक यांनी ‘ट्रिप ट्रॅप’ खुर्ची काढली तेव्हा वाट पुन्हा मोठ्यांच्या टेबलाकडे वळली. जेवताना त्यांच्या लहान मुलाचे पाय अधांतरी लोंबत होते. या खुर्चीच्या तिरप्या बाजूपट्ट्यांना आतून खाचा आहेत. बैठकीची आणि पाय ठेवायची फळी हव्या त्या खाचेत सरकवून घट्ट करता येते. मूल वाढले की फळ्या खाली सरकवायच्या. पायाखाली फळी असल्याने चालते-बोलते मूल तिच्यावरून स्वतः चढते आणि उतरते.