लिओ टॉलस्टॉय यांच्या दैनंदिन्या

लिओ टॉलस्टॉय यांच्या दैनंदिन्या हा रशियन लेखक लिओ टॉलस्टॉय (१८२८–१९१०) यांनी १८४७ पासून मृत्यूपर्यंत, मधली काही वर्षे वगळता, लिहिलेल्या नोंदींचा संग्रह आहे. तारुण्यातील नोंदींत आत्मपरीक्षण व स्वतःला घालून दिलेले नियम आढळतात. वार्धक्यातील नोंदींत मृत्यू, ईश्वर, अहिंसा व खासगी मालमत्ता यांविषयीचे चिंतन प्रमुख आहे.

१९०० नंतरच्या वह्या त्यांचे अनुयायी व्लादिमिर चेर्तकोव्ह यांच्याकडे होत्या. आपली प्रतिमा मलिन होईल, या भीतीने पत्नी सोफिया यांनी त्यांची मागणी केली. जुलै १९१० मध्ये टॉलस्टॉय यांनी वह्या परत मागवल्या व त्या तुला शहरातील बँकेत ठेवण्यात आल्या. त्याच महिन्यात त्यांनी केवळ स्वतःसाठी एक गुप्त वही सुरू केली. २८ ऑक्टोबरला (जुन्या रशियन कालगणनेनुसार) पत्नी रात्री अभ्यासिकेत कागदपत्रे धुंडाळत असल्याची चाहूल लागताच त्यांनी यास्नाया पोल्याना येथील घर सोडले. अखेरची नोंद अस्तापोवो रेल्वे स्थानकावरील आहे. तेथेच काही दिवसांनी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या दैनंदिन्या त्यांच्या ९० खंडांच्या समग्र वाङ्मयात (१९२८–१९५८) खंड ४६ ते ५८ मध्ये समाविष्ट आहेत.