उचल, कोयता आणि भरपाई

"झालं ते झालं. भरपाई मागून तुटलेला अंगठा थोडाच परत येणार आहे?"

आमच्या बीड जिल्ह्यात कामावर कुणाला इजा झाली की पारावर, नाहीतर दवाखान्याच्या व्हरांड्यात, हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारा मोठ्या समजुतीने बोलतो आणि ऐकणाराही मान डोलावतो. मला मात्र प्रश्न पडतो. माणूस भरपाई मागत नाही ते स्वभावाने, की त्याला मागताच येऊ नये अशी सगळी मांडणी आधीच झालेली असते म्हणून?

थोडं मागे जाऊन बघू. एके काळी कामावर जखमी झालेल्या माणसाला आधी मालकाची चूक सिद्ध करावी लागे. सोबतच्या गड्याच्या चुकीने इजा झाली असेल तर मालकाचा काही संबंध नाही, असा निकाल इंग्लंडमधल्या न्यायालयाने १८३७ साली दिला होता. हे पुढे बदललं. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८४ साली, कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा झाला. ब्रिटनमध्ये १८९७ साली भरपाईचा कायदा आला. हिंदुस्थानात तो १९२३ साली मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं, म्हणजे ही गोष्ट आपल्याकडे उशिरानेच पोचायची होती.

या कायद्याची मूळ कल्पना साधी होती. धंद्याचा नफा ज्याचा, धंद्यातल्या धोक्याचा भारही त्याचाच. चूक कुणाची हा प्रश्न बाजूला ठेवला गेला. दारू पिऊन काम करणं किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं असे थोडे अपवाद होते. पण नुसता निष्काळजीपणा झाला म्हणून हक्क जात नव्हता. त्यामुळे "चूक तुझीच होती" हे मुकादमाचं ठेवणीतलं उत्तर कायद्याच्या भाषेत उत्तरच नव्हतं!

शरीराचा हिशोबही कायद्याने मांडून ठेवला. वाचताना अंगावर काटा येतो, पण मांडला हे बरंच झालं. पूर्ण अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरायचं. दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला, तर ४० टक्के. एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के. समजा तीस वर्षांच्या माणसाची महिन्याची मजुरी १०,००० रुपये आहे. तिचे ६० टक्के, म्हणजे ६,०००, घ्यायचे. त्याला वयाच्या तक्त्यातल्या २०७.९८ या आकड्याने गुणायचं आणि त्याचे ३० टक्के काढायचे. एका अंगठ्याचे ३,७४,३६४ रुपये होतात. २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा खर्च वेगळा. "दवाखान्याचं बघतो, वर थोडे पैसे देतो" या तडजोडीसमोर हा आकडा ठेवून बघा.

आता आपल्याकडची मांडणी. दिवाळीच्या सुमाराला आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, धारूर, वडवणी अशा तालुक्यांतून माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. या कोयत्याने मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, आणि ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात संपलेलीही असते. म्हणजे कामाचा पहिला दिवस उजाडायच्या आधीच माणूस कर्जदार झालेला असतो. अशा माणसाचा पाय ट्रॉलीखाली आला, तर त्याच्यासमोरचा पहिला प्रश्न 'मला किती मिळणार' हा नसतोच. 'उचल कशी फिटणार' हा असतो. ज्याचं देणं डोक्यावर आहे त्याच्याकडेच मागायला जायचं कसं? गप्प राहण्याचं निम्मं कारण मला इथे दिसतं.

उरलेलं निम्मं कारण म्हणजे मागायचं कुणाकडे हेच धड कळत नाही. मुकादम म्हणतो, मी तुमच्यातलाच. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. शेतकरी म्हणतो, ऊस माझा, पण टोळी कारखान्याची. कंत्राटदाराच्या माणसाला मूळ धनीही जबाबदार, हे १९२३ च्या कायद्यात होतं. पण अपघात धन्याच्या ताब्यातल्या जागेवर किंवा तिच्या आसपास झालेला हवा, अशी अट होती. ऊस तर परक्याच्या रानात तोडला जातो! त्यातही शेतीकामाच्या बाबतीत कायद्याच्या यादीत ट्रॅक्टर आणि यंत्राच्या कामाचा उल्लेख होता, नुसत्या कोयत्याचा नव्हता.

१९८० च्या दशकापासून ऊसतोड कामगारांचे संप गाजले. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारखे नेते त्यातून पुढे आले. बातमी व्हायची ती मात्र टनाच्या दराची. तुटलेल्या बोटाचा दर कधी मथळ्यात आल्याचं मला तरी आठवत नाही.

सरकारने काही केलंच नाही असंही नाही. शेतकऱ्यांसाठीच्या अपघात विमा योजनेला पुढे मुंडे यांचं नाव मिळालं. विमा कंपन्या दावे अडवतात अशा तक्रारी झाल्या आणि २०२३ साली विम्याच्या जागी 'सानुग्रह अनुदान' आलं. मृत्यूला २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास १ लाख. कंपनीचा फेरा चुकला हे चांगलंच. पण ही योजना सातबाऱ्याला बांधलेली आहे, भूमिहीन कुटुंबाला ती नाही. शिवाय शब्द बघा. सानुग्रह म्हणजे कृपेने दिलेलं. भरपाई म्हणजे जे रिकामं केलं ते भरून देणं. पहिल्यात आभार मानायचे असतात, दुसऱ्यात हिशोब मागायचा असतो. हा फरक आपल्या बोलण्यातूनच पुसला गेलाय, म्हणून भरपाई मागणारा आपल्याला लोभी वाटतो.

असो. मागावं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पंचाईत, हेलपाटे, पुढच्या हंगामाला काम न मिळण्याची भीती, हे सगळं खरं आहे. ट्रॅक्टरने अपघात झाला असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण की कामगार भरपाई, यातला एकच रस्ता धरता येतो, तेव्हा वकिलाला विचारावंच लागतं. पण हा निर्णय उसाच्या फडात, कोपीत, जखम ओली असताना आणि मुकादम समोर बसलेला असताना होऊ नये, इतकं तरी वाटतं.

जुन्या कायद्याने दाव्यासाठी दोन वर्षं दिली होती ती काय उगाच नव्हे. त्याचं १७ वं कलम तर कामगाराने पाठ करावं असं होतं. भरपाईचा हक्क सोडल्याचा कुठलाही करार रद्दबातल, मग अंगठा उठवलेला का असेना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. मूळ विचार तोच आहे, आणि घरून कामावर जाता-येतानाचा अपघातही आता त्यात आणला आहे.

अंगठा परत येणार नाही हे खरंच. पण कोयता धरता न आल्यामुळे जी मजुरी आयुष्यभर बुडणार, तिचं कुणी बोलतच नाही.